शनिवारच्या पिशव्या

मुलुंड, १२ सप्टेंबर १९५४

अनुपमा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू पत्र फोडलंस, याबद्दल आभार. तीन वर्षं आपण एकमेकींना एक ओळ लिहिली नाही. शेवटचं बोलणं झालं ते मंडळाच्या खोलीत, सगळ्या बायकांसमोर, आणि त्यातलं बरंचसं मीच बोलले होते. अनंतरावांची नागपूरला बदली झाली तेव्हा तू निरोप घ्यायलाही आली नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही आले नसते.

भांडण उकरायला लिहीत नाही, काम आहे. तुमच्याकडे लाखोळीची डाळ खातात ना, तिचं काय गं? कोण खातं, किती खातात, खाऊन काही त्रास होतो का. अनंतराव डॉक्टर आहेत, त्यांना विचार. सहज विचार, मी विचारलंय म्हणून सांगू नकोस.

आपलं मंडळ चालू आहे. तू गेल्यावर ते बंद पडेल असं तुला वाटलं असेल, तर तसं झालं नाही. शनिवारी दुपारी अजून निळ्या पिशव्या येतात, आपल्या तीन गल्ल्यांतून आणि रुळांपलीकडच्या चाळींतून. एकेकीनं आत जायचं, आपल्या नंबरच्या खुंटीला पिशवी लावायची, बाहेर यायचं. जिच्या घरी आहे तिच्या पिशवीत धान्य, जिच्या घरी नाही तिच्या पिशवीत कोंडा. मग मी एकटी आत जाऊन कडी लावते, धान्य काढून घेते तिथे कोंडा भरते आणि कोंडा असतो तिथे धान्य भरते. संध्याकाळी सगळ्या बायका भरलेल्या पिशव्या घेऊन घरी जातात. देणारी कोण नि घेणारी कोण, ते रस्त्यावरच्याला कळत नाही, शेजारणीला कळत नाही, आणि खुंट्यांच्या चिठ्ठ्या मडक्यातून काढलेल्या असल्यामुळे मलाही कळत नाही. माणिकबाई दर शनिवारी पिशवीभर कोंडा घरी नेतात नि गाईला घालतात. गाय मात्र चांगली पोसली आहे.

तुला हे सगळं पाठ आहे, तरी लिहिलं, कारण यावरूनच आपलं फाटलं. तू म्हणत होतीस, एक वही ठेव, घेणाऱ्यांची नावं लिही, उद्या एखादीच्या घरी काही बिघडलं तर कुणाचं दार ठोठावशील? मी म्हणाले, तुला गरिबाच्या तोंडून उपकार झाले असं ऐकायची हौस आहे. ते मी बोलायला नको होतं. वही ठेवली नाही ते मात्र बरोबर केलं, असं मला अजून वाटतं.

आता काम काय ते सांगते. जुलैत रेशनिंग उठलं. लोकांनी पेढे वाटले. पण रेशनिंगच्या कचेऱ्यांतली माणसं घरी बसली, भांडुपकडचा एक कारखानाही बंद झाला, आणि मंडळाच्या खोलीत कोंड्याच्या पिशव्या धान्याच्या पिशव्यांहून जास्त व्हायला लागल्या. मी एक शनिवार कसाबसा भागवला. दुसऱ्या शनिवारी स्टेशनरोडवरचे धान्यवाले श्यामसुंदर शेठ म्हणाले, "बाई, माझ्याकडे लाखोळीची पोती पडून आहेत. इथे तिला गिऱ्हाईक नाही. तुमच्या कामाला येत असेल तर न्या." काही लपवलं नाही त्यांनी. भला माणूस आहे.

पण लाखोळी इथे कोण खाणार? लोक तिला बैलांचा खुराक म्हणतात. एखादीनं घरी जाऊन पिशवी उघडायची आणि आत गुरांचं खाणं निघायचं, हे मला कसं चालेल? म्हणून मी ती दळून घेतली. थोडी चण्याची डाळ, थोडी ज्वारी आणि बाकी सगळी लाखोळी. पिवळंधमक पीठ होतं, बेसनासारखं. कुणाला कळत नाही. श्रावणापासून तेच देते आहे.

आमचं ठीक. हे घरीच आहेत. रजा बरीच साठली होती, ती घेतली.

जयंती

•

मुलुंड, १० ऑक्टोबर १९५४

अनुपमा,

तुझं उत्तर नाही. बदलीच्या गावी पत्रं फिरत राहतात म्हणून पुन्हा लिहिते. आणि राग असेल तर एका कार्डावर तेवढंच लिहून टाक.

पीठ सगळ्यांना आवडलं. परवा माणिकबाईच सांगत होत्या, चाळींकडून जाताना दुपारी नुसता धिरड्यांचा वास येतो. त्यांना वाटतं, त्यांच्या ज्वारीचं चीज झालं. मी हो म्हणाले.

तुला एक कबूल करते. चिठ्ठ्या टाकून काढलेल्या असल्या तरी एक पिशवी मी ओळखते. तिच्या नाडीला लाल दोऱ्याची गाठ आहे. ती गाठ मारताना मी वनमालेला पाहिलं होतं. वनमाला म्हणजे रुळांपलीकडे शेवटच्या चाळीत राहते ती. तू गेल्यावर आली ती मंडळात. कुडाळकडची. नवरा दशरथ आधी परळच्या गिरणीत होता, मग भांडुपच्या कारखान्यात, आता मिठागरावर. मिठाची सुगी सुरू व्हायची आहे म्हणून सध्या बांध घालायचं काम. बाई मोठी ताठ आहे. पहिल्या दिवशीच मला म्हणाली, "आमच्या घरात काय कमी नाय हां बाई. माका वाटला, चार बायकांत येवक होया, म्हणून इलंय." आणि लाल गाठीच्या पिशवीत त्या दिवसापासून आजपर्यंत कोंडाच असतो. मी ते पाहून न पाहिल्यासारखं करते. तेच तर आपलं काम.

दसऱ्याला दशरथ सोनं द्यायला आला होता. तिशीचा असेल, उंचापुरा, गिरणीतल्यासारखा मोठ्यानं बोलणारा. आमच्या पायऱ्या उतरताना त्याचा पाय अडखळला आणि तो कठड्यावर आपटला. स्वतःच हसला. म्हणाला, "पायांका हल्ली गोळे येतत बाई. चिखलात उभ्यान काम, दुसरा काय." यांनी त्याला हात दिला. दोघंही कठडा धरून उभे होते, आणि मी आतून बघत होते. त्या वेळी मला काही वाटलं नाही.

उत्तर पाठव.

जयंती

•

मुलुंड, ७ नोव्हेंबर १९५४

अनुपमा,

तुझं पत्र काल सकाळी मिळालं. चार पानं, आणि कुठे एक शब्दही जुन्या रागाचा नाही. त्यानं मला जास्त लाज वाटली.

अनंतरावांनी सांगितलेलं मी तीनदा वाचलं. इतर अन्नाबरोबर थोडी खाल्ली तर काही होत नाही. पण दोन्ही वेळा तीच पोटात गेली, दोन-तीन महिने गेली, तर कमरेखाली माणूस ताठरत जातो. आधी पोटऱ्यांत गोळे. मग टाच टेकत नाही, चवड्यांवर चालतो. मग एक काठी, मग दोन. मग हातावर सरकत. राबणाऱ्या पुरुषांना सगळ्यांत आधी. हात चांगले, डोकं चांगलं, फक्त पाय जातात. थांबवलं की आजार तिथेच थांबतो, पण गेलेलं परत येत नाही. तुम्ही भंडाऱ्याकडच्या एका गावात गेलात, तिथे तुला एका पारावर सहा-सात तरणी माणसं अशी बसलेली दिसली. ती ओळ तू लिहायला नको होतीस. डोळ्यांपुढून हलत नाही.

पण अनुपमा, ती दुष्काळी गावं. त्यांच्या पोटात दुसरं काही जात नसेल. आमच्या पिठात चणा आहे, ज्वारी आहे. आणि सगळेच काही दोन्ही वेळा तेच खात नसतील. बंद करण्याचं बघते.

तू लिहिलंस, घरोघरी जाऊन सांग. कुणाच्या घरी जाऊ? इथे वहीचा विषय तू काढला नाहीस, तो मोठेपणा झाला. पण मला तो ऐकू आलाच.

यांच्या पोटऱ्या जरा दुखतात. दिवसभर खुर्चीत बसून होत असेल. पाच रस्त्याच्या डॉक्टरांनी वात म्हणून तेल दिलंय. मी रोज चोळते.

जयंती

•

मुलुंड, ५ डिसेंबर १९५४

अनुपमा,

तार कशाला पाठवलीस? तारवाला दारात आला तसे हे घाबरले. तारेत काय आहे ते मी यांना सांगितलं नाही. नागपूरला बाळंतपण झालं म्हणून सांगितलं. आता तुला बाळ झालंय हे लक्षात ठेव.

'बंद केलंस का' याचं उत्तर असं, की प्रमाण कमी केलंय. निम्म्यावर आणलंय. एकदम बंद करायचं तर त्या पिशव्यांत भरू काय? गेल्या शनिवारी धान्याच्या पिशव्या नऊ आल्या. बाकी सगळा कोंडा. पीठ दिलं नाही तर तेवढ्या बायका रिकाम्या पिशव्या हलवत रस्त्यानं जातील, आणि तीन गल्ल्या खिडकीतून बघतील. ज्यासाठी एवढं केलं तेच होईल. तू लगेच म्हणशील, पाय गेलेला नवरा बरा की गेलेली अब्रू. तुला म्हणायला सोपं आहे. तू लांब आहेस.

खरं सांगायचं तर भीती निराळीच आहे. बंद केलं तर का केलं ते सांगावं लागेल. का ते सांगितलं, की कधीपासून देत होतीस ते सांगावं लागेल.

मंगळवारी वनमाला आली होती. दशरथ मिठागरावर पडला. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन फळीवरून चालत होता, पाय एकमेकांत अडकले आणि तो खाली खाडीच्या चिखलात गेला. आता उठायचं तर दोन्ही बाजूंनी धरावं लागतं. तिनं पाच रस्त्याच्या डॉक्टरांचा पत्ता विचारला. मग पदरानं ओटा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाववाल्यान देवाक गाऱ्हाणा घातल्यान. मिठागराचो राखणदार देव रागावलो म्हणतत. न विचारता बांध घातल्यानी ना. कोंबो दिलाव. तुमका काय वाटता बाई, पाय येतील?"

मी तिला चहा दिला. साखर जास्त घातली. येतील म्हणाले.

अनुपमा, ती माझ्या स्वयंपाकघरात बसली होती, माझ्यापासून दोन हातांवर. तिची पिशवी मी ओळखते हे तिला ठाऊक नाही. एक वाक्य बोलले असते तर बस होतं. माझ्या मनात आलं ते एवढंच, की हे बोलले तर तिला कळेल की आपण घेतो हे बाईंना माहीत आहे, आणि मग ही बाई पुन्हा माझ्याकडे मान वर करून बघणार नाही. खोटं वाटेल तुला, पण अगदी हेच आलं.

परवा दुपारी फाटकापाशी उभी होते. गाडी जायची होती. पलीकडे तीन माणसं उभी. तिघांच्याही हातात काठ्या. तिघंही तरुण. फाटक उघडलं तशी ती निघाली, चवड्यांवर, गुडघे एकमेकांवर घासत, रुळांवर काठीची टोकं शोधत. फाटकवाला शिट्टी वाजवत होता. लोक त्यांना वळसा घालून पुढे जात होते. त्यातल्या एकालाही मी ओळखलं नाही. मी रूळ ओलांडलेच नाहीत, तशीच घरी परत आले.

जयंती

•

मुलुंड, २ जानेवारी १९५५

अनुपमा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दुसऱ्यात तू लिहिलंस, 'तू माझ्यापासून काहीतरी लपवते आहेस.' लपवते आहे. आता सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा जमणार नाही, तेव्हा एका दमात वाच.

यांची रजा वगैरे काही नव्हती. रेशनिंग उठलं आणि यांच्या कचेरीतल्या निम्म्या लोकांना घरी पाठवलं, त्यात विद्याधर हे एक नाव. जुलैपासून हे घरी आहेत. दोन महिने घरात होतं ते पुरवलं. शेजारी कुणाला कळू नये म्हणून हे सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे आणि घाटकोपरच्या वाचनालयात बसून संध्याकाळी यायचे. डब्यात काय असायचं ते सांगते.

गणपती गेले त्या आठवड्यात मी माझ्या पिशवीत कोंडा भरला. दुपारी रांगेत उभी राहिले, आत गेले, सतरा नंबरच्या खुंटीला पिशवी लावली, बाहेर आले. मग सगळ्या गेल्यावर कडी लावून आत गेले आणि माझ्याच हातानं माझा कोंडा काढून पीठ भरलं. तुला मी पहिलं पत्र लिहिलं ना, लाखोळी कशी असते म्हणून? ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. श्रावणभर ती लोकांच्या पोटात जात होती तेव्हा मला विचारावंसं वाटलं नव्हतं. माझ्या घरात आली तेव्हा वाटलं. 

सकाळी भाकरी, डब्यात धिरडी, संध्याकाळी पिठलं. मी स्वतः अर्धीच खायचे, भूक नाही म्हणायचे. यांना पोटभर वाढायचे. हे कौतुकानं खायचे. म्हणायचे, मंडळात बरं आहे, निदान पीठ चोख आणतेस. यांना वाटायचं, मंडळाच्या कामाबद्दल मला थोडं मिळतं. यांनाही मी खरं सांगितलं नव्हतं.

तुझं पहिलं उत्तर आलं तो शनिवार होता. पत्र सकाळी आलं. वाचून झालं आणि मी यांच्याकडे बघितलं. हे खुर्चीत बसून पोटऱ्या दाबत होते. दुपारी मंडळाच्या खोलीत कडी लावली. कुणीतरी आणलेली चांगली ज्वारी होती, तांदूळ होते. ते मी सतरा नंबरच्या पिशवीत ओतले. आणि कोंड्याच्या उरलेल्या सगळ्या पिशव्यांत पीठ भरलं. लाल गाठीच्यासुद्धा.

पुन्हा एकदा वाच. मला ठाऊक होतं. माझ्या घरात मी त्या दिवसापासून बंद केलं, आणि बाकीच्यांना तो शनिवार धरून आठ शनिवार देत राहिले. प्रमाण निम्म्यावर आणल्याचं मी तुला लिहिलं, तेही खरं नव्हतं. निम्म्यावर आणायला दुसरं काही नव्हतंच.

मी स्वतःला काय सांगत होते, ते विचारशील. पुढच्या आठवड्यात कुणीतरी जास्त धान्य देईल. डॉक्टर म्हणतात तो वातच असेल. माझ्या घरच्याला झालं म्हणजे सगळ्यांना होईल असं कुठे आहे. दर शनिवारी एक नवं कारण मिळायचं.

यांचं वाढलेलं नाही. टाच जराशी उचललेली राहते, जिन्यावर कठडा लागतो, एवढ्यावर थांबलं. अनंतराव म्हणाले तसंच. म्हणजे ते म्हणाले ते सगळंच खरं. म्हणजे ज्यांचं थांबवलं नाही त्यांचं...

काल शनिवारी मी पीठ दिलं नाही. खोलीला कुलूप लावलं आणि दारावर 'आजारी असल्यामुळे' अशी चिठ्ठी लावली. पिशव्या घेऊन आलेल्या बायका थोडा वेळ उभ्या राहिल्या नि गेल्या. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. पण पीठ त्यांच्या डब्यांत आहेच. आठवडा-दोन आठवड्यांचं असेल. कुणाच्या डब्यात, ते मला माहीत नाही.

यांना मी आज सकाळी सगळं सांगितलं. हे पोटऱ्यांवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "हळदीकुंकवाला सगळ्या बायका येतील. तेव्हा सांग. मी येऊन बसतो पाहिजे तर." मी म्हटलं, बायकांच्या हळदीकुंकवात तुम्ही कुठे येता. तर म्हणाले, "त्यांना पाय बघू देत."

जयंती

•

मुलुंड, २३ जानेवारी १९५५

अनुपमा,

झालं. गेल्या रविवारी, आमच्या घरी, हळदीकुंकवाला.

बायकांना मी आधी वाण दिलं नाही. सगळ्या बसल्यावर उभी राहिले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हणाले, ऑगस्टपासून पिशव्यांतून जे पीठ गेलं ते लाखोळीचं होतं. ते खाऊन पाय जातात. घरात असेल तर आज फेकून द्या, गुरांनासुद्धा घालू नका. ज्यांच्या घरी कुणाला पायांचा त्रास आहे त्यांनी मला सांगा, डॉक्टरांना बोलावलंय.

मग चाळीतली एक म्हणाली, "आमच्याकडे नाही बाई, आम्ही तर ज्वारी घालतो." दुसरी म्हणाली, "आम्हीपण." मग एकेक करत सगळ्याच म्हणाल्या. आम्ही देतो, आम्ही घेत नाही. त्या पंचावन्न बायका, आणि एकीच्याही घरात पीठ गेलेलं नव्हतं. वनमाला भिंतीशी बसली होती. तीही म्हणाली, "आमी कधी घेतला नाय." मीच त्यांना हे शिकवलं होतं, तीन-साडेतीन वर्षं, आणि त्या चांगल्या शिकल्या होत्या.

तेव्हा मी म्हणाले, सतरा नंबरची खुंटी माझी आहे. गणपतीपासून मी कोंडा आणत होते. आमच्या यांची नोकरी गेली आहे. पीठ आम्ही खाल्लं. आणि यांना बोलावलं. हे आतल्या खोलीतून आले, दारापासून खुर्चीपर्यंत, त्या उचललेल्या टाचेवर. पाच पावलं असतील. माणिकबाई रडायला लागल्या. बाकीच्या यांच्या पायांकडे बघत राहिल्या, आणि मी त्यांच्या चेहऱ्यांकडे. कुणाच्या घरी काय चाललंय ते मला त्या वेळी कळलं. वहीत लिहिलं असतं तर एवढं स्पष्ट कळलं नसतं.

तरी सगळ्या तिळगूळ घेऊन गेल्या.

सोमवारी दुपारी मागच्या दारी पहिली आली. पदराखाली पिठाचा डबा. "शेजारणीचं आहे," म्हणाली. "तिला यायला लाज वाटते." मी घेतलं. मग दुसरी, तिसरी. सगळ्यांचंच शेजारणीचं. शुक्रवारपर्यंत मागच्या पडवीत पोतंभर पीठ जमलं. प्रत्येक शेजारणीच्या घरी कुणाचे पाय कसे आहेत, ते मी विचारून घेतलं. त्यांनी सांगितलं. नऊ घरं आहेत, अनुपमा. दोघांच्या दोन काठ्या झाल्या आहेत. अनंतराव येतो म्हणतात, त्यांना पाठव. उपाय नाही हे मला ठाऊक आहे, तरी पाठव. इथला डॉक्टर अजून वातच म्हणतो.

मंडळाच्या खोलीची किल्ली मी माणिकबाईंना दिली. त्यांनी घेतली, पण माझ्या हातातून नाही. ओट्यावर ठेवायला सांगितली.

वनमाला काल आली. मागच्या दारानं नाही, पुढच्या. भर दुपारी, रस्त्यावर लोक असताना, निळी पिशवी हातात उघडी धरून. आत ये म्हटलं तर आली नाही. पायरीवरच उभी राहिली. दशरथ आता उभा राहू शकत नाही. ती कामावर जाते तेव्हा त्याला चाळीच्या पडवीत बसवून जाते आणि आली की आत ओढून घेते. हे तिनं सांगितलं नाही, मला शेजारणींकडून कळलं होतं.

मी म्हणाले, वनमाला, माझं चुकलं. ती म्हणाली, "तां ऱ्हवांदे. माका एक सांगा. तुमच्या घरात ह्या पीठ कधी बंद केलात?"

खोटं बोलता आलं असतं. सगळ्यांबरोबरच बंद केलं असं म्हटलं असतं तर तिला कळायला मार्ग नव्हता. हे मागे येऊन उभे राहिले होते. मी खरं सांगितलं. सहा नोव्हेंबर, शनिवार.

तिला तारखा कळत नाहीत. तिनं विचारलं, "दिवाळेच्या आदी काय मागीर?"

"दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार."

तिनं बोटांची पेरं धरली. ओठ हलत होते, दिवस मोजत असावी. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "त्या दिसाक आमचे चलत होते. पिशयी मी नाय, त्येनीच नेल्यानी घराकडे. फाटकापासून चलत नेल्यानी."

मग तिनं पिशवी उलटी केली, पीठ माझ्या पायरीवर ओतलं, पिशवी दोनदा झटकली, घडी करून कमरेला खोवली आणि रस्त्यानं निघून गेली. मी ते पीठ अजून उचललेलं नाही.

जयंती